नवगावची दफनभूमी आणि अठरा नमुने

कोर्सवर्कच्या दुसऱ्या सेमिनारला मी एक स्लाइड लावली होती. डाव्या बाजूला अलिबागजवळच्या नवगावच्या ज्यू दफनभूमीचा फोटो, उजव्या बाजूला 2016 च्या एका जनुकशास्त्रीय पेपरमधला आलेख आणि खाली ठळक अक्षरात माझं वाक्य: ‘डीएनएने नवगावच्या कथेला दुजोरा दिला.’ स्लाइड दिसायला छान होती. लोकांनी मानाही डोलावल्या.

मग मागच्या बाकावरून एका सीनियरने विचारलं, “त्या थडग्यांत जे पुरलेत, त्यांचे वंशज कोण?”

मी म्हटलं, “बेने इस्राएल.”

तो म्हणाला, “कथा परत वाच.”

बसून कथा वाचली आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हा लेख त्या स्लाइडबद्दल आहे. पेटची तयारी करणाऱ्या किंवा पहिल्या वर्षाला असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी लिहितेय, कारण ही चूक एकट्या माझी नाही. वर्तमानपत्रात, यूट्यूबवर, पर्यटनाच्या माहितीपत्रकात ती रोज होते. आणि पेपर चांगला असतानाही होते, हे जास्त महत्त्वाचं.

आधी जागा सांगते. सीबीडी बेलापूरहून हार्बरने पनवेल, तिथून एसटीने पेण-वडखळमार्गे अलिबाग (वडखळच्या ट्रॅफिकचा वेळ वेगळा धरा), आणि अलिबागहून रेवसच्या रस्त्याला थळच्या पुढे, किहीमच्या अलीकडे नवगाव. समुद्र जवळच. या किनाऱ्यासमोर खांदेरी-उंदेरीची बेटं आहेत, आणि कथा तिथूनच सुरू होते.

बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज एका जहाजातून येत होते. चौलच्या बंदराकडे जाताना या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचून किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं वाहून आली, ती नवगावला पुरली, पुरुषांची एका उंचवट्याखाली आणि बायकांची दुसऱ्या. वाचलेले लोक आसपासच्या गावांत राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’ झाले. गावांवरून आडनावं पडली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. बोलायला मराठी, जेवायला भात, नारळ, मासे.

आता सीनियरचा प्रश्न पुन्हा वाचा. कथेनुसार नवगावच्या त्या दोन उंचवट्यांखाली आहेत ते बुडालेले लोक. जे वाचले, ज्यांची पोरंबाळं झाली, ते वेगळे. पुरलेल्यांची मुलं कोकणात वाढली असं कथा कुठेच म्हणत नाही. आणि डीएनए मिळतो तो फक्त वंशजांकडून. म्हणजे माझ्या स्लाइडवर डावीकडे ज्यांचा वंश उरला नाही ते आणि उजवीकडे ज्यांचा उरला ते, आणि मध्ये मी बिनधास्त बरोबरचं चिन्ह टाकलेलं. दोन्ही पुरावे एकाच समाजाबद्दल होते, पण एकाच माणसांबद्दल नव्हते. थडगी म्हटलं की ‘पूर्वज’ हा शब्द आपोआप तोंडात येतो, तिथेच घसरायला होतं.

या कथेचा सगळ्यात सविस्तर लेखी आधार म्हणजे हाईम सॅम्युएल किहीमकर यांचं बेने इस्राएलांच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक. लेखक त्याच समाजातले, मुंबईत इस्राएली मुलांसाठी 1875 मध्ये शाळा काढणाऱ्यांपैकी. पुस्तक 1897 मध्ये लिहून झालं, छापलं गेलं 1937 मध्ये, तेही तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं! थिसिस जमा करायला उशीर होतोय म्हणून रडणाऱ्यांनी (मी पण) हे लक्षात ठेवावं.

हे पुस्तक मला मनापासून आवडतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातल्या छोट्या समाजातला माणूस आपल्या लोकांचे सण, लग्नाच्या चाली, गाणी, पोशाख, आडनावं इतक्या बारकाईने लिहितो, हीच मोठी गोष्ट आहे. खिरीचा सण, बिरड्याचा रोजा ही नावं त्यांच्यामुळे टिकली. पण जहाज कधी फुटलं याचं जे उत्तर ते देतात तिथे जरा थांबायला हवं. ते तारीख लावतात इसवी सनापूर्वी 175 च्या आसपासची. युक्तिवाद असा: बेने इस्राएलांना हनुक्काचा सण माहीत नव्हता. हनुक्का ज्या घटनेवरून सुरू झाला ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. म्हणजे आपले लोक त्याच्या आधी मायदेशातून निघाले असणार.

वाचताना पटतं. पण एखादी गोष्ट माहीत नसण्याची कारणं दोन असू शकतात: ती कधी शिकलोच नाही, किंवा शिकून विसरलो. शेकडो वर्षं दुसऱ्या ज्यूंशी फारसा संपर्क नाही, धर्मग्रंथ जवळ नाही, हिब्रू येत नाही, अशा समाजात विसरणं हे काही आश्चर्य नाही. कोचीनचे व्यापारी यहेझ्केल रहाबी यांच्या 1768 च्या पत्रात या लोकांचा उल्लेख येतो. मराठ्यांच्या मुलखात राहणारे, तेल काढणारे, धर्मातलं ‘शमा’ ही प्रार्थना आणि शनिवारची सुटी एवढंच जाणणारे, असं त्यांचं वर्णन तिथे आहे. जिथे एवढंच उरलं होतं तिथे हनुक्का नसण्यावरून तारीख काढणं म्हणजे मातीच्या घरातली एक खुंटी धरून घराचं वय सांगण्यासारखं आहे. मौनावरून काढलेला पुरावा कधी वापरायचाच नाही असं नाही. वापरताना मात्र दाखवावं लागतं की ही गोष्ट त्यांच्याकडे असती तर आपल्याला दिसलीच असती. किहीमकर ते दाखवत नाहीत.

त्यांच्या बाजूनेही एक सांगते. ते लिहीत होते तेव्हा मुंबईतले बगदादी ज्यू बेने इस्राएलांच्या ज्यूपणाबद्दल शंका घेत होते, लग्नसंबंध टाळत होते. अशा वेळी ‘आम्ही सगळ्यांत जुने’ हे सिद्ध करायची निकड समजण्यासारखी आहे. लेखकाची निकड कळली की त्याचं पुस्तक टाकायचं नसतं, पण निकडीचा जोर पुस्तकात कुठे पडलाय ते बघायचं असतं.

अजून एक गोष्ट, जी कोकणातल्या कुणालाही लगेच आठवेल. सह्याद्रिखंडातल्या चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं आहेत. परशुराम त्यांना चितेवर शुद्ध करून जिवंत करतो. इथे चौदा वाचलेले, तिथे चौदा जिवंत केलेले. समुद्र तोच, किनारा जवळपास तोच. अभ्यासकांनी हे साम्य पूर्वीच नोंदवलंय. यावरून कोणी कोणाची कथा उचलली हे ठरत नाही आणि ठरवायची घाईही नको. पण सात जोड्या हा आकडा शिरगणतीतून आलेला नसून किनाऱ्यावर फिरणाऱ्या कथांच्या भांडवलातून आलेला असू शकतो, एवढी शक्यता डोक्यात ठेवूनच पुढच्या पेपरकडे जायला हवं. नाहीतर आपण जनुकांत ‘सात’ शोधायला लागतो.

(मी खरंच गणित केलं होतं. चौदा माणसं, दर पिढीला दहा टक्के वाढ, पंचाहत्तर पिढ्या: जवळजवळ अठरा हजार. 1948 च्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. वा! मग तेहतीस पिढ्या धरल्या आणि वाढ पंचवीस टक्के केली: बावीस हजार. तेही वा! गणिताने कथा अशक्य नाही एवढंच कळलं, आणि तिची तारीख बदलली तरी चालते हेही.)

आता तो 2016 चा पेपर. यदाएल वाल्डमन आणि सहकाऱ्यांचा, प्लॉस वन मध्ये आलेला, सर्वांना मोफत वाचता येणारा. तुम्ही लोकसंख्या-जनुकशास्त्र घेणार नसाल तरी पेपर वाचायला शिकण्यासाठी हा उत्तम आहे. त्यांनी 18 बेने इस्राएल व्यक्तींचा संपूर्ण जीनोमभर पसरलेल्या खुणांचा डेटा घेतला आणि 41 इतर ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समूहांतल्या 486 व्यक्तींशी ताडून पाहिला. निष्कर्ष: बेने इस्राएलांत ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरीव प्रमाणात आहेत. मिश्रण 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झालं. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंकडून पुरुषांचा आणि स्थानिकांकडून स्त्रियांचा वाटा जास्त. त्यानंतर लोकसंख्या आक्रसली आणि समाजात आपापसात लग्नं होत राहिली.

पहिली गंमत अशी की त्याच्या सहाच वर्षं आधी, 2010 मध्ये, नेचरमध्ये डोरोन बेहार आणि सहकाऱ्यांचा ज्यू समूहांवरचा मोठा पेपर आला होता. त्यात भारतीय ज्यू हे पश्चिम भारतातल्या शेजारच्या लोकांबरोबर एका पुंजक्यात बसले होते. पितृवंशाचा धागा मात्र पूर्व भूमध्य किनाऱ्याकडे जात होता, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. मग सहा वर्षांत असं काय बदललं? माणसं तीच. बदलला प्रश्न. 2010 ला जगभरच्या समूहांचा एक मोठा नकाशा काढायचा होता, आणि एवढ्या मोठ्या नकाशात कोकणातला समाज कोकणाजवळच दिसणार. 2016 ला प्रश्न असा होता: शेजाऱ्यांपेक्षा यांच्यात वेगळं काही आहे का, आणि असलं तर ते कुठून आलं? महाराष्ट्राच्या नकाशावर बेलापूर आणि नवगाव एकमेकांना चिकटलेली दिसतात. रायगडच्या नकाशावर मध्ये अख्खी धरमतरची खाडी येते. दोन पेपर एकमेकांना खोडतात असं वाटलं की आधी दोघांची मोजपट्टी बघा.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सेमिनारमध्ये मी इथेच दुसऱ्यांदा आपटले.

पिढ्यांचा आकडा काढतात कसा? दोन वेगळ्या समूहांतल्या माणसांचं मूल झालं की त्याच्याकडे एका समूहाचं अख्खं गुणसूत्र आणि दुसऱ्याचं अख्खं गुणसूत्र असतं. पुढच्या पिढीत जाताना दोन्हींचे तुकडे अदलाबदल होतात. प्रत्येक पिढीला आणखी कापाकापी. त्यामुळे जितक्या जास्त पिढ्या तितके तुकडे लहान. ढोबळमानाने, पिढ्यांच्या संख्येने शंभराला भागलं की तुकड्याची सरासरी लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मिळते. 19 पिढ्यांनंतर पाचच्या थोडं वर, 33 नंतर तीन, 75 नंतर सव्वाच्या आसपास. एक सेंटिमॉर्गन म्हणजे साधारण दहा लाख अक्षरं धरा. संगणकाच्या पद्धती हे तुकडे थेट मोजण्याऐवजी त्यांच्या खुणांमधला परस्परसंबंध अंतराबरोबर कसा घटतो ते मोजतात, पण तत्त्व हेच.

मग एक पिढी म्हणजे किती वर्षं? 29 धरली तर 19 ते 33 पिढ्या म्हणजे साडेपाचशे ते साडेनऊशे वर्षं. 25 धरली तर पावणेपाचशे ते सव्वाआठशे. म्हणजे नुसत्या एका गृहीतकाने शंभरेक वर्षं इकडची तिकडे होतात. थिसिसमध्ये पिढ्या वर्षांत बदलताना गुणक लिहायचाच, नाहीतर परीक्षक विचारतात.

किहीमकरांची तारीख बावीसशे वर्षांपूर्वीची. पेपरची जास्तीत जास्त हजाराच्या आतली. मग कथा खोटी ठरली? पेपर आल्यावर दोन्ही प्रकारची मंडळी पुढे आली. एक म्हणाले, ज्यू वारसा सापडला, कथा खरी. दुसरे म्हणाले, तारीख जुळत नाही, कथा खोटी. दोघांनीही ‘मिश्रण’ हा शब्द ‘आगमन’ असा वाचला. घड्याळ सुरू होतं ते लग्नाच्या दिवशी, जहाज फुटलं त्या दिवशी नाही. समजा काही लोक खरंच इसवी सनापूर्वी आले, बाराशे वर्षं आपापसातच लग्नं केली आणि मग स्थानिकांशी सोयरीक सुरू झाली. तर तुकडे आज जेवढे दिसतात तेवढेच दिसतील. समजा दहाव्या-बाराव्या शतकात चौलच्या व्यापाराबरोबर काही ज्यू व्यापारी आले आणि इथेच त्यांनी लग्नं केली. तरीही तेवढेच दिसतील. पहिली शक्यता मला फार ताणलेली वाटते. चौदा माणसांनी बाराशे वर्षं बाहेर लग्नच करायचं नाही म्हणजे सख्ख्या-चुलत भावंडांतच संसार. पण ‘मला ताणलेली वाटते’ आणि ‘डेटाने नाकारली’ यांत फरक आहे, आणि तो निष्कर्षाच्या परिच्छेदात दिसायला हवा.

शिवाय मिश्रण एकदाच झालं असं या गणिताच्या साध्या रूपात धरलेलं असतं. प्रत्यक्षात सोयरिकी दोनशे वर्षं होत राहिल्या तर एकच तारीख निघते, ती मधलीच कुठली तरी, आणि बहुधा अलीकडच्या बाजूला झुकलेली. जुन्या मिश्रणाचे तुकडे इतके बारीक होतात की नव्या लांब तुकड्यांसमोर ते ऐकूच येत नाहीत.

पेपरवर माझी खरी टीका दोन ठिकाणी आहे. एक, 18 हा आकडा. जीनोमभर लाखो खुणा असल्यामुळे अठरा माणसांवरून समाजाच्या सरासरीबद्दल बरंच सांगता येतं, हे मान्य. ‘सॅम्पल लहान आहे’ एवढंच म्हणून पेपर बाजूला सारणाऱ्यांशी मी भांडते. पण समाज आतून एकसारखा नसेल तर? बेने इस्राएलांत ‘गोरा’ आणि ‘काळा’ असे दोन गट मानले जात. समाजाबाहेरच्या स्त्रियांपासून झालेल्या संततीला काळा इस्राएल म्हणत आणि त्यांच्याशी लग्नं टाळत. पेपरचा एक मुख्य निष्कर्ष नेमका हाच आहे की स्थानिक वाटा जास्त करून स्त्रियांकडून आला. आणि ज्या समाजात याच मुद्द्यावर अंतर्गत भिंत होती, तिथे अठरा नमुन्यांतून ती भिंत सुटी करून दाखवणं शक्य नाही. तरीही तिचा इतिहास चर्चेत मध्यभागी यायला हवा होता. जनुकं बघणाऱ्यांनी किहीमकर वाचावेत आणि किहीमकर वाचणाऱ्यांनी जनुकं, असं मला वाटतं ते यामुळे.

दोन, ‘ज्यू वारसा’ हा शब्दप्रयोग. डीएनएत धर्म नसतो. मोजलं जातं ते आजच्या मध्यपूर्वेतल्या ज्यू समूहांशी असलेलं जवळपण. लेखकांना हे अर्थातच माहीत आहे, पण शीर्षकात ‘ज्यू आणि भारतीय’ असं जोडीने लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं हे एकमेकांच्या बाहेरचे दोन डबे आहेत. नवगावला उभं राहून बघा, डबे वेगळे राहत नाहीत. तिथे स्मारकाच्या खांबावर डेव्हिडचा तारा आहे आणि भोवती नारळ.

हा शब्दांचा कीस वाटत असेल तर 1962 कडे बघा. इस्राएलच्या प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्राएल व्यक्तीचं इतर ज्यूंशी लग्न लावताना आधी तिचं कूळ जमेल तितकं मागे जाऊन तपासा. मुंबई, अलिबाग, पेण, पनवेल सोडून गेलेली ही माणसं. घरदार विकून गेलेली. तिथे पोचल्यावर त्यांना विचारलं गेलं की तुझी पणजी कोण होती. कोकणातल्या जुन्या थडग्यांवर लिहिलेलंच नाही तर पणजीचा कागद आणायचा कुठून? लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने आणि सरकारने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं स्पष्ट केलं आणि सूचना मागे पडली. तेव्हा डीएनए चाचणी नव्हती. असती तर? 2002 मध्ये पितृवंशाच्या गुणसूत्रावरच्या अभ्यासाच्या बातम्या आल्या तेव्हा ‘विज्ञानाने शिक्कामोर्तब केलं’ असा सूर होताच. ट्यूडर पार्फिट आणि युलिया एगोरोवा यांनी 2006 मध्ये या प्रकरणावर पुस्तकच लिहिलं: जनुकशास्त्र, प्रसारमाध्यमं आणि ओळख यांवर, आफ्रिकेतले लेंबा आणि आपले बेने इस्राएल यांची तुलना करत. विशेष म्हणजे पार्फिट स्वतः नमुने गोळा करण्याच्या कामात होते. आपल्याच संशोधनाचं पुढे लोकांनी काय केलं हे बसून तपासणारे संशोधक फार थोडे.

सेमिनारनंतर एकाने मला विचारलं, “मग थडगी उकरून बघायची ना सरळ? वाद मिटेल.” हा प्रश्न तुम्हालाही विचारतील, म्हणून उत्तर देते.

तांत्रिक बाजू आधी. कोकणातला पाऊस, उष्णता, दमट आम्लधर्मी माती. अशा जागी हाडच टिकणं अवघड, त्यातला डीएनए आणखी अवघड. राखीगढीला, तुलनेने कोरड्या हरियाणात, 61 अस्थिनमुने तपासून कामाचा जीनोम मिळाला तो एका व्यक्तीचा. 2019 चा पेपर त्या एकीवर उभा आहे. नवगावला काय मिळेल याचा अंदाज तुम्ही करा.

पण तांत्रिक बाजू सोपी असती तरी हाडं कोणाची आहेत हा प्रश्न राहतोच. ज्यू धर्मनियमांत कबर हलवायला मनाई आहे, मृताला तिथेच राहू द्यायचं. म्हणून जगात कामच झालं नाही असंही नाही. जर्मनीत एर्फुर्टला मध्ययुगीन ज्यू दफनभूमी होती. 1454 मध्ये ज्यूंना शहरातून जावं लागल्यावर तिच्यावर धान्याचं कोठार उभं राहिलं. 2013 मध्ये त्या जागी पार्किंग करायचं ठरलं तेव्हा बचाव उत्खनन झालं. पुढे थुरिंगियाच्या ज्यू समाजाशी बोलून असं ठरलं की जबड्यातून आधीच सुटलेले दात तेवढे तपासायचे, सांगाड्याला हात लावायचा नाही. 33 जणांचे जीनोम मिळाले, 2022 मध्ये सेल मध्ये पेपर आला, आणि हाडं पुन्हा पुरली गेली. त्या पेपरच्या पहिल्या लेखिका शमाम वाल्डमन. 2016 वाले यदाएल वाल्डमन. आडनाव एक, माणसं दोन. संदर्भ देताना ‘वाल्डमन’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका, मी एकदा झाले होते.

एर्फुर्टला आधी कबरी उघड्या पडल्या, मग प्रश्न विचारला गेला. नवगावला कबरी कोणी उघड्या पाडलेल्या नाहीत. आपल्या कुतूहलासाठी त्या उघडणं ही वेगळीच गोष्ट झाली. मला विचाराल तर, नको.

आणि उकरल्याशिवाय तिथे वाचण्यासारखं काही नाही असंही नाही. नवगावच्या जुन्या थडग्यांवर नावं नाहीत. पुढच्या काळात, गावोगावच्या दफनभूमींत, दगडांवर हिब्रू येते आणि तिच्याशेजारी मराठी. लेखनाचा हा बदल समाजाच्या बदलाबरोबर चालतो. 1796 मध्ये मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं, मग रेवदंडा, 1848 ला अलिबाग, 1849 ला पनवेल. हिब्रू शिकवणारे आले, शाळा आल्या, आणि दगडाला अक्षरं आली. कोणत्या दशकात दोन भाषांचं प्रमाण कसं बदलतं, मृत्यूची तारीख हिब्रू पंचांगाने आहे की इंग्रजी, बाईच्या नावापुढे बापाचं नाव की नवऱ्याचं, आडनाव गावाचं आहे की टाकून दिलंय. हे सगळं वही, कॅमेरा आणि समाजाची परवानगी एवढ्यावर मोजता येतं. माझ्या ओळखीत जीवशास्त्राचं कोणी हे करणार नाही, कारण यात पीसीआर नाही.

अजून एक जागा याला जोडून बघायची असते, तिचा उल्लेख पेपरात येत नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, ज्यावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा उमटल्या असं समाज मानतो. तिथे मलिदा होतो: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि प्रार्थना. इस्राएलला स्थायिक झालेल्या कुटुंबांतले लोक कोकणात येतात तेव्हा नवगाव आणि खंडाळा या दोन्ही ठिकाणी जातात. एके ठिकाणी न वाचलेल्यांसाठी, दुसऱ्या ठिकाणी ज्याने वाचवलं त्याच्यासाठी. मी गेले तेव्हा नवगावला एका कबरीवर पाच-सहा बारके खडे ठेवलेले होते, ज्यू पद्धतीप्रमाणे. त्यातला एक खडा आपल्याकडचा काळा कातळ नव्हता. फिकट, चुन्याच्या दगडासारखा होता. मी तो उचलून बघितला नाही.

त्या संध्याकाळी बेलापूरला परत येऊन स्लाइड दुरुस्त केली. फोटो आणि आलेख वेगवेगळ्या स्लाइडवर ठेवले. आलेखाखाली लिहिलं: ‘18 व्यक्ती. मिश्रण 19 ते 33 पिढ्यांपूर्वी. आगमनाची तारीख यातून निघत नाही.’ फोटोखाली लिहिलं: ‘परंपरेनुसार जहाजफुटीत बुडालेल्यांची दफनभूमी, नवगाव.’ सीनियरला पाठवली. त्याचं उत्तर आलं, “पिढीचा गुणक लिही.”